हळदीच्या पेठेत बसून करक्युमिनची कृती शोधताना

सांगलीत राहून करक्युमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य, प्रयोगशाळेत बनवायचं म्हटलं की लोक आधी हसतात. साहजिकच आहे. इथे मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात, हरिपूरची हळदीची पेवं सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक, २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. वडिलांच्या ओळखीतले एक अडते काका मला म्हणाले, "काय गं पोरी, हितं पोत्यानं हळद पडलीया आन् तू ती काचंच्या भांड्यात शिजवतीस व्हय?"

"काका, तुमच्या हळदीत माझ्या कामाचा माल शेकडा दोन ते पाच, आणि त्यातही मिसळ," असं मी म्हटलं. मिसळ हा शब्द त्यांना भेसळ असा ऐकू आला, आणि मग अर्धा तास समजूत घालण्यात गेला. पण मुद्दा खरा आहे. बाजारात करक्युमिन म्हणून जी पिवळी पावडर मिळते तिच्यात साधारण ७७ टक्के करक्युमिन, १७ टक्के डिमेथॉक्सी करक्युमिन आणि ३ टक्के बिसडिमेथॉक्सी करक्युमिन असतं, ही दोन त्याचीच भावंडं. टीएलसी प्लेटवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या पट्टीवर, क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये चढवलं की खाली-वर तीन पिवळे ठिपके दिसतात, यूव्ही दिव्याचीही गरज नाही. मला यातला एकच रेणू शुद्ध हवा होता. आणि त्याहून जास्त हवे होते ते त्याच घडणीचे, पण हळदीत नसलेले रेणू. म्हणजे करक्युमिन बनवताना लागणाऱ्या व्हॅनिलिन या अल्डिहाइडच्या जागी दुसरं अल्डिहाइड घालून केलेले. ते कुठल्याच शेतात उगवत नाहीत.

मी सांगलीतल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आणि शिवाजी विद्यापीठाकडे पीएचडीला नोंदणी आहे. आमच्या लॅबमध्ये एक फ्यूमहूड (विषारी वाफा बाहेर ओढणारं कपाट), एक रोटाव्हेपर (सॉल्व्हंट उडवायचं यंत्र), दोन हॉटप्लेट आणि भरपूर उत्साह आहे. रेणू बनवण्याचं काम जेवढं हाताचं, तेवढंच शोधण्याचं. कुणी, कशात, किती तापमानाला, कशाने धुतलं, हे आधी सापडावं लागतं. मोठ्या संस्थांमध्ये त्यासाठी रीॲक्सिस किंवा सायफाइंडर असतं: पडद्यावर रेणू काढायचा, बाण ओढायचा, आजवर छापून आलेल्या सगळ्या पद्धती समोर हजर. रीॲक्सिसच्या मुळाशी बाइलश्टाइनचा जो जर्मन कोश आहे तो १८८१ साली निघायला लागला, सायफाइंडरमागे १९०७ पासूनची केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स आहेत. शंभर-दीडशे वर्षांचा साठा. त्याची वार्षिक वर्गणी आमच्या आवाक्याबाहेर. तेव्हा विश्रामबागेतल्या घरातून, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, फुकटात काय काय मिळतं ते मी शोधत गेले. त्याची ही हकिकत.

पहिली अडचण नावाची. सर्च इंजिनवर करक्युमिन टाकलं की गोळ्यांच्या जाहिराती, चेहऱ्याचे लेप आणि सांधेदुखी. रसायनशास्त्र नवव्या-दहाव्या पानावर. आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "नावाने शोधू नकोस, नंबराने शोध." प्रत्येक संयुगाला सीएएस, म्हणजे केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिस, हिने दिलेला क्रमांक असतो. करक्युमिनचा ४५८-३७-७, व्हॅनिलिनचा १२१-३३-५. हा क्रमांक माहीत नसेल तर सीएएसचंच कॉमन केमिस्ट्री नावाचं मोफत पान आहे, त्यावर सुमारे पाच लाख संयुगांचे क्रमांक आणि नावं मिळतात. क्रमांक टाकला की लेपवाले निम्मे गळतात. रसायनांच्या दुकानात फोन करतानाही तोच सांगायचा. नुसत्या नावावर मागवलेल्या बाटलीत भलतंच निघण्याचे किस्से प्रत्येक लॅबमध्ये असतात.

क्रमांक हाताशी आला की पुढे पबकेम. अमेरिकेच्या एनसीबीआय या सरकारी जैवमाहिती केंद्राने २००४ साली सुरू केलेला हा साठा आता दहा कोटींहून जास्त संयुगांचा झालाय. वितळणबिंदू, विद्राव्यता, धोक्याची चिन्हं, पेटंटमधले उल्लेख, सगळं एका पानावर. मला त्याची खरी किंमत कळली ती धोक्याच्या भागामुळे. हायड्राझीन हायड्रेट वापरून करक्युमिनपासून पायराझोल (नायट्रोजन असलेलं कडं) करायचा विचार होता, तेव्हा ते पान उघडल्यावर हातमोजे कोणते घालायचे यावर आमची पहिल्यांदा गंभीर चर्चा झाली. पण पबकेममध्ये माहिती वेगवेगळ्या ठिकाणांहून येऊन साठते. एकाच संयुगाचे तीन वितळणबिंदू तिथे शेजारीशेजारी दिसतात, प्रत्येकाखाली तो कुठून घेतला ते लिहिलेलं असतं. ती खालची ओळ वाचायची सवय लागायला वेळ लागतो. आणि कृती, म्हणजे रिअ‍ॅक्शन कशी लावायची हे, तिथे मिळत नाही.

कृतीसाठी जो शोध सुरू झाला तो सगळीकडे फिरून एकाच नावापाशी येऊन थांबायचा: पॅबन, १९६४. नेदरलँड्सच्या एका नियतकालिकात आलेली ही पद्धत आजही करक्युमिन करणारा जवळजवळ प्रत्येक जण वापरतो. कारण तिच्यातली युक्ती फार देखणी आहे. असिटिल असिटोनच्या रेणूत मधला कार्बन सगळ्यात चपळ. अल्डिहाइड घातलं की ते मधेच जाऊन चिकटतं. आपल्याला ते हवं असतं दोन्ही टोकांच्या मिथाइलवर. म्हणून आधी बोरिक ऑक्साइड घालायचं. बोरॉन रेणूतले दोन्ही ऑक्सिजन धरून बसतं, मधला कार्बन गप्प होतो, आणि टोकं कामाला लागतात. मग व्हॅनिलिन, ट्रायब्युटिल बोरेट आणि थेंबथेंब ब्युटिलअमाइन. बोरेट असतं ते रिअ‍ॅक्शनमध्ये तयार होणारं पाणी संपवायला. शेवटी पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल घालून बोरॉनची पकड सोडवायची की करक्युमिन मोकळं.

हे तत्त्व मला एका दुपारी समजलं. प्रत्यक्ष आकडे मिळायला बरेच आठवडे लागले. मूळ लेख पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. त्याचा हवाला देणारे लेख उघडतात, पण त्यात लिहिलेलं असतं 'पूर्वप्रकाशित पद्धतीने तयार केले'. संदर्भ क्रमांक बघून तिकडे जावं तर तिथेही 'पूर्वप्रकाशित पद्धतीने'. असं तीन-चार घरं फिरल्यावर शेवटी आपण पुन्हा पॅबनच्या बंद दाराशी येतो. हे वाचताना मला नेहमी राग येतो. एक परिच्छेद लिहायला काय जातं?

या बंद दारांबद्दल थोडं सांगायला हवं. २०२५ च्या जानेवारीपासून केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली. मंत्रिमंडळाने ती २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर केली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं, आणि गांधीनगरचं इन्फ्लिबनेट सगळ्याची व्यवस्था बघणार. चांगली गोष्ट आहे, मनापासून म्हणते. पण ती सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी. खासगी व्यवस्थापनाच्या महाविद्यालयात बसून माझ्या लॅपटॉपवर ती दारं उघडत नाहीत. मग मी यादी करायची आणि कोल्हापूरला जायचं काम निघालं की विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बसून ती संपवायची. जयसिंगपूर, हातकणंगले करत एसटी पोचेपर्यंत यादीत आणखी दोन लेखांची भर पडलेली असायची.

मधल्या काळासाठी दोन गोष्टी फार उपयोगी पडल्या. एक, अनपेवॉल नावाचं छोटं मोफत साधन. ते ब्राउझरमध्ये टाकून ठेवलं की लेखाच्या पानावर कडेला हिरवं उघडं कुलूप दिसतं, म्हणजे त्या लेखाची कायदेशीर मोफत प्रत कुठेतरी ठेवलेली आहे. दुसरी, सरळ लेखकाला मेल करणं. चार ओळींचा, सभ्य, नेमकं काय हवंय ते सांगणारा. परदेशातले निवृत्त प्राध्यापक फार उत्साहाने उत्तर देतात, हा माझा अनुभव. भारतातल्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही. प्रकाशकांच्या परवानगीशिवाय लेख फुकट देणाऱ्या सायहब या संकेतस्थळाचं नाव निघतंच. एल्सव्हियर, वाइली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी २०२० च्या डिसेंबरात त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला, हे प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला पाठ असतं. त्या वाटेवर प्रबंध उभा करू नये, असं सरांचं मत होतं आणि ते मला पटलं.

दार उघडलं ते मात्र भलतीकडून. शोधगंगा. भारतातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध इन्फ्लिबनेट इथे ठेवतं, पूर्णच्या पूर्ण, मोफत. छापील लेखात जागेची टंचाई असते, प्रबंधात नसते. तिथे विद्यार्थ्याने लिहिलेलं असतं की व्हॅनिलिन आधी कोरडं करून घेतलं, ब्युटिलअमाइन किती वेळात सोडलं, मिश्रण कोणत्या क्षणी लाल झालं, आम्ल घालताना किती गरम होतं. शोधगंगेचा शोध थोडा हट्टी आहे. शीर्षकात शब्द नसेल तर प्रबंध सापडत नाही. मी करक्युमिन सोडून 'डायकिटोन', 'पायराझोल', 'बोरॉन संकुल' अशा शब्दांनी इंग्रजीत शोधलं तेव्हा कामाचे प्रबंध निघाले. आणि सरळ प्रायोगिक प्रकरणाची फाइल उघडायची. पहिल्या प्रकरणात सगळ्यांच्या हळदीला आयुर्वेदात अनन्यसाधारण महत्त्व असतं, ते वगळलं तरी चालतं.

अशाच एका प्रबंधात मला बोरिक ऑक्साइडऐवजी साधं बोरिक ॲसिड वापरून केलेली कृती सापडली. हे महत्त्वाचं होतं, कारण आमच्या पुरवठादाराकडे बोरिक ऑक्साइड यायला महिना लागणार होता आणि बोरिक ॲसिड तर कॅरम खेळणाऱ्या प्रत्येकाच्या घरात असतं. (आम्ही कॅरमचं वापरलं नाही. बाटलीतलंच घेतलं. पण बी.एस्सी.च्या मुलांना हे सांगितलं की वर्ग जागा होतो.)

आता ज्या जागेबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ती. ऑरगॅनिक सिंथेसिस. १९२१ पासून दरवर्षी निघणारा हा संग्रह आज इंटरनेटवर पूर्ण मोफत आहे. नोंदणी नाही, पासवर्ड नाही. त्याचं वेगळेपण एका नियमात आहे: कुणीही कृती पाठवली की संपादक मंडळातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी प्रयोगशाळेत ती पुन्हा करून बघायची. तशीच्या तशी झाली, टक्केवारी जुळली, तरच छापायची. कृतीच्या वर पाठवणाऱ्याचं नाव आणि तपासणाऱ्याचंही नाव. १९८२ ते २००५ या काळात आलेल्या कृतींपैकी साधारण १२ टक्के कृती तपासताना जमल्या नाहीत म्हणून परत गेल्या. जे लोक आपली सगळ्यात खात्रीची कृती निवडून पाठवतात त्यांच्यातल्या या १२ टक्के! मग जिथे कुणीच तपासत नाही त्या शेकडो नियतकालिकांत काय असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

मला डायमेथॉक्सी करक्युमिन करायचं होतं, त्यासाठी व्हेराट्रल्डिहाइड लागतं. म्हणजे व्हॅनिलिनचा मोकळा ओएच मिथाइलने झाकलेला. याची कृती ऑरगॅनिक सिंथेसिसच्या जुन्या खंडात आहे: व्हॅनिलिन, अल्कली आणि डायमिथाइल सल्फेट. वाचायला इतकी स्वच्छ की हात शिवशिवतात. पण डायमिथाइल सल्फेट म्हणजे कातडीतून, श्वासातून शरीरात जाणारं, कर्करोगकारक मानलं गेलेलं द्रव्य, आणि त्याचा त्रास लगेच जाणवत नाही, काही तासांनी जाणवतो. त्या काळच्या माणसांनी ते ज्या सहजतेने ओतलं त्या सहजतेने आमच्या त्या एकुलत्या फ्यूमहूडमध्ये मी ओतणार नव्हते. व्हेराट्रल्डिहाइड सुगंधी द्रव्यांच्या धंद्यात वापरलं जातं, बाजारात सहज मिळतं. विकत घेतलं. तरी ती कृती वाचणं वाया गेलं नाही. खालच्या टिपांत लिहिलं होतं की हे अल्डिहाइड हवेने सहज ऑक्सिडाइज होतं, घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवा. आम्ही ते लहान बाटल्यांत वाटून ठेवलं.

त्या टिपा! माझ्या मते या संग्रहाचा जीव टिपांत आहे. मूळ कृती एका परिच्छेदाची आणि खाली टिपांची रांग: ढवळणी कमी पडली तर काय होतं, गाळताना वेळ का लागतो, रंग कसा दिसला तर घाबरू नये. सासूने सुनेला आमटी शिकवताना जे पाककृतीच्या पुस्तकात नसतं ते सांगावं, तसं आहे ते. एम.एस्सी.च्या मुलांना मी आता आधी टिपा वाचायला लावते, मग कृती.

धोक्याच्या बाबतीत आणखी एक मोफत साधन मी रोजच्या वापरात ठेवलंय: अमेरिकेच्या नोआ या संस्थेचं कॅमिओ केमिकल्स. दोन रसायनं निवडायची आणि ती एकत्र आली तर काय होऊ शकतं ते बघायचं. वायू सुटेल, तापेल, पेट घेईल, असे इशारे येतात. ते ढोबळ असतात, पण टाकाऊ द्रावणांच्या बाटलीत काय काय ओतायचं नाही हे मुलांना दाखवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. सोडियम हायड्राइड आणि डीएमएफ नावाचं सॉल्व्हंट ही जोडी तर आमच्या पिढीने शेकडो लेखांत वाचलेली. ती तापवली तर हाताबाहेर जाऊ शकते, यावर २०१९ मध्ये सविस्तर मोजमापं छापून आली. तोवर किती जणांनी ती बिनधास्त तापवली असेल.

शेवटी रिअ‍ॅक्शन लावली. असिटिल असिटोन आणि बोरिक ॲसिड इथाइल ॲसिटेटमध्ये, वर व्हॅनिलिन आणि बोरेट, आणि ड्रॉपिंग फनेलमधून ब्युटिलअमाइन. पिवळं, मग नारिंगी, मग गडद लाल. प्रबंधातल्या मुलाने लाल रंगाबद्दल लिहिलं नसतं तर आम्ही तिथेच थांबवली असती. हा लाल रंग बोरॉनच्या संकुलाचा. हळदीच्या कागदाने बोरिक ॲसिड ओळखायची जुनी परीक्षा असते, तिच्यातही हाच मामला. आम्ल घातल्यावर लाल उतरून पिवळा-नारिंगी आला, थर वेगळे केले, सॉल्व्हंट उडवला, मिथेनॉलमधून स्फटिक काढले. टीएलसीवर एकच ठिपका. बाजारच्या पावडरीचे तीन, आपला एक. शेजारीशेजारी चढवून मी त्या प्लेटचा फोटो अडते काकांना पाठवला. त्यांनी अंगठा दाखवला, समजलं किती ते विचारलं नाही.

यील्ड, म्हणजे हाती आलेला माल, प्रबंधातल्या आकड्यापेक्षा बरीच कमी आली. त्याचं मला फारसं वाटलं नाही. वितळणबिंदू १८३ अंशांच्या आसपास हवा, तो बरोबर आला. एनएमआरचं, म्हणजे रेणूतले हायड्रोजन कुठे बसलेत ते शिखरांच्या आलेखातून दाखवणाऱ्या तपासणीचं, सॅम्पल कोल्हापूरला दिलं.

एनएमआर वाचताना फुकटातल्या साठ्यांनी जी मदत केली तशी कुठल्याच वर्गात झाली नव्हती. डोळ्यांसमोर काय हवं होतं ते लेखांतून लिहून घेतलं होतं: मेथॉक्सीचं उंच एकेरी शिखर ३.९५ पीपीएमला (आलेखावरचं एकक), मधल्या कार्बनवरचा एकटा हायड्रोजन ५.८० ला, आणि दुहेरी बंधावरचे हायड्रोजन ६.४८ आणि ७.५९ ला, दोन्ही फाटलेले, फाट १५.८ हर्ट्‌झ. एवढी फाट म्हणजे बंध ट्रान्स, हवा तसाच. व्हॅनिलिन उरलं असतं तर ९.८ ला अल्डिहाइडच्या शिखराने ओरडून सांगितलं असतं, ते नव्हतं. व्हॅनिलिनचा मूळ स्पेक्ट्रम बघायला जपानच्या एआयएसटी संस्थेचं एसडीबीएस उघडलं. आयआर, मास, एनएमआर, सगळ्या प्रकारचे स्पेक्ट्रम मोफत, फक्त दिवसाला ५० च्या वर उतरवून घेऊ नका अशी विनंती. मला ती विनंती फार जपानी वाटते.

पण आमच्या स्पेक्ट्रममध्ये १.२६, २.०५ आणि ४.१२ ला तीन पाहुणे होते. एम.एस्सी.च्या एका मुलीने त्यांना रेणूत बसवायचा खूप प्रयत्न केला. भिंतीवर लावलेला तक्ता तिला दाखवला: गॉटलिब आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये नेहमीच्या सॉल्व्हंटांचे एनएमआरमधले आकडे एकत्र छापले, २०१० मध्ये फुल्मर आणि मंडळींनी तो तक्ता वाढवला. १.२६, २.०५, ४.१२ म्हणजे इथाइल ॲसिटेट, आमच्याच सॉल्व्हंटचं उरलेलं. व्हॅक्यूमवर रात्रभर ठेवलं, गेलं. जगातल्या बहुतेक लॅबच्या भिंतीवर हा कागद असतो, आमच्याकडे तो आता प्लॅस्टिकच्या पाकिटात आहे. एक गोष्ट मात्र कुठल्या तक्त्यात मिळाली नाही. करक्युमिनच्या ईनॉल रूपातल्या ओएचचा हायड्रोजन १६ पीपीएमच्या आसपास येतो, आणि आमच्या स्पेक्ट्रमची खिडकी त्याआधीच संपत होती. पुढच्या वेळी ऑपरेटर दादांना आधीच सांगितलं, "दादा, खिडकी मोठी ठेवा."

इथपर्यंत सगळं सुरळीत वाटत असतानाच बातम्यांनी घोळ घातला. मी अमेरिकन केमिकल सोसायटीचं सी अँड ई एन आणि ब्रिटनचं केमिस्ट्री वर्ल्ड वरवर चाळत असते. जेवढं मोफत वाचू देतात तेवढं. तिथूनच २०१७ च्या त्या लेखाचा माग लागला. जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीत आलेला करक्युमिनचा सविस्तर आढावा. त्यांचं म्हणणं सरळ होतं: करक्युमिन अस्थिर आहे, भलत्याभलत्या गोष्टींशी रिअ‍ॅक्ट होतं, शरीरात शोषलंच जात नाही. १२० हून अधिक क्लिनिकल चाचण्या झाल्या, पण ज्यात कुणाला औषध आणि कुणाला नुसती पावडर हे दोन्ही बाजूंना माहीत नसतं अशी एकही चाचणी यशस्वी झालेली नाही. प्रयोगशाळेतल्या चाचणीच्या रंगात, प्रकाशात करक्युमिन ढवळाढवळ करतं आणि खोटं 'हो' सांगतं.

माझ्या प्रबंधाच्या आराखड्यात शेवटचं प्रकरण होतं 'प्रतिजैविक गुणधर्म'. आपल्याकडे नवं संयुग केलं की बशीत जंतू वाढवून भोवती गोल पडतो का ते बघायची पद्धत पडून गेलीय. खरं सांगायचं तर तो एक विधी झालाय. गोल पडला की औषध सापडलं. मी तो लेख छापून सरांच्या टेबलावर ठेवला. ते वाचून म्हणाले, "मग आता काय, विषय बदलायचा?" विषय नाही बदलला, प्रकरण बदललं. बशीतल्या गोलांऐवजी मी आता माझ्या रेणूंची स्थिरता मोजते: कुठल्या द्रावणात, कुठल्या पीएचला, किती वेळात रंग उतरतो. अडते काकांना हे सांगायचं धाडस अजून केलेलं नाही. हळदीचं दूध मीही पिते, घसा बसला की.

हळद आणि पेटंट हा तर आपला जुना अभिमानाचा विषय. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं, सीएसआयआरने डॉ. माशेलकरांच्या काळात त्याला आव्हान दिलं, १९९७ मध्ये ते रद्द झालं. हे शाळेत ऐकलेलं. ते पेटंट गूगल पेटंट्सवर शब्दशः वाचता येतं हे मला पीएचडीत कळलं. पेटंट वाचायला शिकणं हे कृती शोधणाऱ्यासाठी मोठं घबाड आहे, कारण कंपन्या जे लेखात लिहीत नाहीत ते तिथे लिहावं लागतं. फक्त एक खूण ध्यानात ठेवायची: अमेरिकी पेटंटात न केलेला, नुसता कल्पनेतला प्रयोग वर्तमानकाळात लिहितात आणि खरा केलेला भूतकाळात. 'मिसळले, गाळले, इतके ग्रॅम मिळाले' असेल तर पुढे वाचायचं. 'मिसळतात' दिसलं की मी पान उलटते.

आणि खरा केलेला प्रयोगही फसवू शकतो. २००३ मध्ये सुझुकी कपलिंग कुठल्याही धातूशिवाय होतं असा लेख आला. बोरॉनवाला रेणू आणि हॅलाइडवाला रेणू जोडायला पॅलेडियम लागतं, हे ज्या रिअ‍ॅक्शनचं गृहीतक आहे तिथे हे मोठंच. २००५ मध्ये त्याच गटाने स्वतः पुन्हा तपासून सांगितलं की बाजारातल्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जात ५० भाग पॅलेडियम होतं, आणि तेवढं पुरत होतं. प्रयोग खरा, निरीक्षण खरं, धुण्याच्या सोड्याच्या बाटलीने दगा दिला. हे वाचल्यापासून मी बाटलीवरचा लॉट नंबर वहीत लिहिते. एखादा जुना लेख वापरायच्या आधी तो मागे घेतला गेलाय का, हे रिट्रॅक्शन वॉचच्या मोफत साठ्यात डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, टाकून बघते. चॅटबॉटने दिलेल्या संदर्भांचं तर विचारूच नका. मुलं घेऊन येतात. डीओआय टाकला की कधी पानच उघडत नाही, कधी मधमाश्यांवरचा लेख उघडतो.

एवढं सगळं फुकट घेतल्यावर 'पूर्वप्रकाशित पद्धतीने' असं मी लिहिणं शोभलं नसतं. सर्नच्या झेनोडोवर कुणालाही आपला डेटा मोफत ठेवता येतो आणि त्याला डीओआयही मिळतो. तिथे माझी बोरिक ॲसिडवाली कृती, कमी आलेल्या यील्डसकट, एनएमआरच्या कच्च्या फाइली आणि टीएलसीचे फोटो टाकायला घेतलेत. टिपा मुद्दाम लांब लिहिल्यात: लाल रंग, इथाइल ॲसिटेटचे पाहुणे, १६ पीपीएमची खिडकी, व्हेराट्रल्डिहाइडची बुचं. सरांचं म्हणणं, आधी एम.एस्सी.च्या त्या मुलीला नुसती कृती हातात द्यायची, मी लॅबमध्ये पाऊल टाकायचं नाही, आणि तिला जमली तरच फाइल सार्वजनिक करायची. ती सोमवारी रिअ‍ॅक्शन लावतेय. बोरिक ऑक्साइडची बाटलीही परवा आली, तेव्हा दोन फ्लास्क शेजारीशेजारी लावायला सांगितलेत.